सातव्या खणातला बांबू

"बाई, तुम्ही झाडं लावायला आलात की माहेरपणाला?"

वकीलबाईंनी खिडकीतून तिसऱ्यांदा डोकं काढून विचारलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खुर्चीबाई सकाळी सातपासून नव्याकोऱ्या तरणतलावाच्या काठाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. मधूनच उठायच्या, खुर्ची चार पावलं सरकवायच्या, पुन्हा बसायच्या. मांडीवर वही, पायाशी वाळक्या पानांनी भरलेली कापडी पिशवी. दर तासाला त्या मूठभर पानं हवेत उडवत आणि ती कुठे पडतात ते बघून वहीत फुल्या मारत.

"माहेरपणाला आले असते तर एव्हाना दोनदा जेवून झोपले असते," खुर्चीबाई म्हणाल्या. "एक दिवस बसू द्या मला. झाड एकदा बसलं की वीस वर्षं हलत नाही. त्याआधी मी एक दिवस बसले तर काय बिघडलं?"

ही त्यांची रीत होती. नाव त्यावरूनच पडलेलं. रोपवाटिकेतले लोक पाठीमागे 'खुर्चीबाई' म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी आता त्या स्वतःही फोनवर "हां, खुर्चीबाई बोलतेय" असंच सांगत. सोबत नेहमी स्वतःची खुर्ची. लोकांच्या खुर्चीत बसलं की लोकांच्या आवडीची झाडं सुचतात, असं त्यांचं म्हणणं.

पूर्वी मात्र त्या बसत नसत. पूर्वी त्या घाई करत. पण ते पुढे येईलच.

संध्याकाळी वकीलबाई चहा घेऊन बाहेर आल्या, त्या काखेत एक मासिक घेऊनच. मासिकात तलाव, तलावाभोवती गुलाबी फुलांनी लगडलेली कण्हेर.

"हे असं हवंय."

"कण्हेर नाही. पान, फूल, चीक, सगळं विषारी. ते पाण्यात पडणार आणि त्याच पाण्यात तुमच्या आई गुळण्या करणार."

"मग बोगनवेल?"

"काटे. अनवाणी पाय असतात इथे."

"हे लाल ब्रशसारखं?"

"मधमाश्या. ओल्या अंगाचं माणूस आणि मधमाशी यांचं काही पटत नाही."

"तुम्ही झाडं लावता की झाडांना नावं ठेवता हो?"

"आधी ठेवते, मग लावते," खुर्चीबाई म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

पण खरी अडचण कोणत्या फुलाची नव्हतीच. हा तलाव हौसेचा नव्हता. वकीलबाईंच्या आई निवृत्त मुख्याध्यापिका. घरात, गल्लीत सगळे त्यांना हेडबाई म्हणत. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाण्यात चालायचं, नाहीतर सांधा धरेल आणि मग चाकाची खुर्ची. हेडबाई पाण्यात उतरायला तयार होत्या. अट एकच. शेजारच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून कोणी बघता कामा नये.

त्या बाल्कनीत रोज सकाळी आठला एक टक्कल पडलेले गृहस्थ चहा पीत बसायचे.

"तो माझ्या वर्गात होता," हेडबाई वॉकर टेकत दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या. "त्याला मी अख्खा तास बाकावर उभं केलंय. आणि आता मी त्याच्यासमोर पोहण्याच्या कपड्यात डबक्यात उतरू? सोमवारी आठ वाजता सुरू करायचं, असं मी डॉक्टरांना सांगितलंय. त्या सोमवारला तीन आठवडे आहेत. तोपर्यंत आडोसा झाला तर झाला. नाहीतर मी घरातच बरी."

वकीलबाई खुर्चीबाईंच्या कानाशी लागल्या. "ती एकदा नाही म्हणाली ना, की संपलं. तलाव बांधायला तिला मनवण्यात माझं वर्ष गेलंय."

खुर्चीबाईंनी वही उघडली. फुल्या सगळ्या एकाच बाजूला होत्या. सकाळचा वारा तलावाकडून शेजाऱ्याच्या भिंतीकडे वाहत होता.

"बांबू," त्या म्हणाल्या. "पण पसरणारा नव्हे, जागच्या जागी बेट करून राहणारा. बारा फुटी, तयार. पानं गळतील, पण पाण्यात नाही. पलीकडे जातील."

"म्हणजे त्याच्या अंगणात?" हेडबाईंचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "झाडू दे. वर्गातही त्याला तेवढंच नीट येत होतं."

तेवढ्यात फाटक वाजलं.

आत आलेल्या माणसाच्या हातात रबरी हातोडी होती. वाकून त्याने तलावाच्या काठाच्या फरशीवर हातोडी हळूच आपटली, कान लावला, पुढच्या फरशीवर आपटली. मग वर बघितलं आणि हातोडी तशीच हवेत राहिली.

"हे आमचे तलाव बांधणारे," वकीलबाई म्हणाल्या. "आणि या आमच्या..."

"ओळखतो." त्याने हातोडी खाली ठेवली. "यांना कोणी बोलावलं?"

यांना. खुर्चीबाईंनी बशी खाली ठेवली. बारा वर्षांपूर्वी हाच धाकटा भाऊ त्यांना गल्लीच्या टोकावरून "ताई गं!" अशी हाळी मारायचा.

"तुमची ओळख आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"हौदाच्या भिंतीपासून सहा फुटांत मुळं असलेलं काही लावायचं नाही," तो वकीलबाईंना म्हणाला. सगळं जग तलाव म्हणो, पूल म्हणो, तो हौदच म्हणायचा, कारण त्यांचे वडील आयुष्यभर पाण्याचे हौद बांधत आले होते. "लावायचं असेल तर लावा. तडा गेला की मला फोन करायचा नाही. हमी संपली."

"अहो, पण त्या बाजूला जागाच चार फूट आहे!"

"मग कापडी पडदा लावा."

"पडदा?" दारातून हेडबाई कडाडल्या. "मी तीस वर्षं शाळेत नाटकं बसवली आहेत. पडदा नेमका नको तेव्हाच उघडतो!"

खुर्चीबाई वहीकडे बघत होत्या. भाऊ फरशीकडे.

पंधरा वर्षांपूर्वीचं असं झालं होतं. भावाला पहिलं मोठं काम मिळालं होतं, एका बंगल्याचा तलाव. बांधणार तो, झाडं लावणार ताई. घरमालकांनी पाहुणे बोलावले त्या दिवशी सकाळी ताईचं एक झाड राहून गेलं होतं, मातीच्या भल्यामोठ्या कुंडीतलं रबराचं झाड. कुंडी फोडायची, मुळं मोकळी करायची, खड्डा रुंद करायचा, तासाभराचं काम. पाहुणे फाटकात. ताईने झाड कुंडीसकट पुरलं, वर माती सारखी केली, हात झटकले. धंद्यात सगळेच हे कधी ना कधी करतात. कुंडी आहे म्हणजे मुळं कोंडलेली राहतील, उलट बरंच, असंही वाटतं. पण कोंडलेली मुळं गोल गोल फिरत जाड होतात, कुंडी फोडतात आणि मग पाण्याचा वास लागेल तिकडे धावतात. तीन वर्षांत भिंतीला तडा गेला. तलाव रिकामा करावा लागला. कामं तुटली.

वडिलांनी दोघांना समोर उभं करून विचारलं होतं. ताई म्हणाली होती, "मी नीट लावलं होतं. कुंडी फोडून." मग उरलं काय? भिंत. वडिलांनी मुलाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हात कच्चा आहे तुझा."

भाऊ भिंतीबद्दल एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "माझ्या हौदाजवळ तुझं पानसुद्धा नको." तडा भिंतीला गेलाय, पण ताईच्या झाडाशिवाय गेला नसता, एवढंच त्याला वाटत होतं. पूर्ण खरं काय ते फक्त ताईला माहीत होतं.

आता त्यांनी वहीचं पान फाडलं, पेन्सिलीने एक लांब चौकोन काढला, त्याचे सात खण पाडले आणि तो कागद वकीलबाईंच्या हातात दिला. "यांना विचारा, जमिनीत अशी पेटी बांधून होईल का. बांबू पेटीत राहील. मुळं भिंतीपर्यंत पोचणारच नाहीत."

वकीलबाई दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसाकडे कागद घेऊन गेल्या. "त्या विचारतात..."

"ऐकलं." त्याने कागद घेतला. वितीने मापला. वडिलांची सवय. तो कागदाशीच बोलल्यासारखा बोलत राहिला. "खाली फरशी. आतून काळा लेप, ओल झिरपू नये असा. निचरा बाहेरच्या अंगाला." मग मान वर केली. "पेटी मी बांधीन. पण पेटीत जे जाईल त्याची हमी यांनी लिहून द्यायची."

"लिहून घेणं माझ्यावर सोडा!" वकीलबाईंना इतक्या वेळात पहिल्यांदाच आपल्या आवाक्यातलं काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. छापील, एक पानी. खुर्चीबाईंनी चष्मा लावून वाचला. बांबूची जात, खणांची संख्या, पाणी कधी द्यायचं, सगळं ठीक. चौथं कलम असं होतं: 'माझ्या लावणीतील हलगर्जीपणामुळे यापूर्वी कोणत्याही बांधकामास इजा झालेली नाही.'

"ही नेहमीचीच भाषा आहे हो," वकीलबाई म्हणाल्या. "सगळेच सही करतात."

"करते," खुर्चीबाई म्हणाल्या आणि कागद घडी करून वहीत ठेवला.

तो तिथेच राहिला. भाऊ पेटी बांधत होता, त्या रोज येऊन खणांची खोली मोजत होत्या, दोघांमध्ये चार फूट माती आणि एक वकीलबाई. "यांना सांगा, तिसरा खण दोन बोटं उथळ आहे." "त्यांना सांगा, अजून गिलावा व्हायचाय." वकीलबाई इकडून तिकडे निरोप पोचवून दमल्या. "मी कोर्टात एवढं बोलत नाही," त्या म्हणायच्या, आणि रोज जाताना, "सही झाली का?"

"उद्या देते."

घरी खुर्चीबाई जेवायला बसल्या की कागद ताटाशेजारी उघडायच्या. मुलगी फोनवर विचारायची, "आई, काय करतेस?" "वाचतेय." "काय?" "एकच ओळ." पेन उचलायच्या, ठेवायच्या. सही केली तर एका खोट्याच्या डोक्यावर दुसरं खोटं. नाही केली तर बांबू नाही, आडोसा नाही, आणि एक म्हातारी हट्टापायी कायमची खुर्चीत. तिसरी वाटही होती. तीच सगळ्यात अवघड होती. आत्ता कुठे भाऊ निरोपातून का होईना बोलत होता. ते कळलं की तेही जाणार.

रविवारी सकाळी ट्रक आला. सात बेटं, बारा फुटी, काळ्या जाड पिशव्यांत, पाणी पाजून दगडासारखी जड. सहा खण तयार होते. सातव्या खणात गुडघ्यावर बसून भाऊ लेपाचा शेवटचा हात मारत होता. वकीलबाई पेन घेऊन उभ्या. खिडकीत हेडबाई, घड्याळासह.

ट्रकवाल्याने पहिलं बेट फळीवरून घसरवत खणाच्या तोंडाशी आणलं. "मावशी, पिशवीसकटच सोडू का आत?"

"काय?"

"पिशवीसकट. पेटी आहेच की. पेटीत पिशवी, पिशवीत मुळं. अर्ध्या तासात सातही उभे करतो. मुळं मोकळी करत बसलात तर संध्याकाळ होईल. वरून माती टाकली की कोणाला कळतंय?"

कोणाला कळतंय. पंधरा वर्षांपूर्वी खुर्चीबाई स्वतःशी नेमकं हेच म्हणाल्या होत्या, याच स्वरात.

"बाई, तेवढी सही..." वकीलबाईंनी पेन पुढे केलं.

खुर्चीबाईंनी कमरेचा चाकू काढला आणि पिशवी वरपासून खालपर्यंत फाडली. आत मुळांची गुंडाळी दिसली, पांढरी, एकमेकींच्या मागे गोल गोल धावणारी.

"चौथ्या कलमावर माझी सही होणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज एवढा मोठा निघाला की ट्रकवाला मागे सरकला. "ते खरं नाही. बारा वर्षांपूर्वी एका तलावाला माझ्यामुळे तडा गेला. रबराचं झाड मी कुंडीसकट पुरलं होतं. घाईत. आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले. भिंत चांगली होती. अगदी चांगली होती."

ब्रशचा आवाज थांबला.

सातव्या खणातून भाऊ उभा राहिला. जमिनीच्या वर फक्त छातीपासूनचा भाग दिसत होता, हात कोपरापर्यंत काळे.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"बाबा मला काय म्हणाले, आठवतंय?"

"हो."

"जाईपर्यंत म्हणत होते. दवाखान्यात नळी लावलेली, तरी. 'बघ रे, हात कच्चा आहे तुझा, दुसऱ्याकडून तपासून घे.'" त्याने ब्रश बादलीत टाकला. काळे शिंतोडे फरशीवर उडाले, त्याच्या स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर. त्याने ते पुसले नाहीत. खणातून वर चढला आणि फाटकाकडे चालू लागला.

"छोट्या..."

फाटक वाजलं.

मग वकीलबाई म्हणाल्या, "मी आता या कागदाचं काय करू?"

"ते वाक्य खोडा, खरं काय ते लिहा. त्याखाली सही देते. नको असेन तर तसं सांगा, खुर्ची उचलते."

वकीलबाईंनी खिडकीकडे बघितलं. हेडबाई दोन्ही हातांनी गज धरून उभ्या होत्या.

"चूक कबूल केली म्हणून मी कधी कोणाला वर्गाबाहेर काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तास बुडवला तर मात्र काढते. उद्या आठ वाजता, बाई. हात चालवा."

खुर्चीबाईंनी हात चालवले. एकेक पिशवी फाडायची, गुंडाळी बोटांनी सोडवायची, मुळं पंख्यासारखी पसरायची, माती, पाणी, पुन्हा माती. ट्रकवाला आधी कुरकुरला, मग गप्प बसून फावडं मारू लागला. संध्याकाळपर्यंत सहा बेटं उभी राहिली. सातवा खण अर्धा काळा, अर्धा कोरा.

"लावून टाकू," ट्रकवाला म्हणाला. "अर्ध्या लेपाने काय होतंय?"

"लेप पुरा झाल्याशिवाय नाही. ज्याचा हौद आहे तो करेल."

"आणि तो नाही आला तर?"

त्यावर खुर्चीबाई खुर्ची उचलून घरी गेल्या.

सोमवारी त्या सातला हजर. सहा बेटांची हिरवी भिंत दाट झाली होती आणि नेमकी सातव्या जागी पडकी. अडीच फुटांची फट. फटीतून बाल्कनी सरळ दिसत होती, रिकामी खुर्चीसुद्धा. पावणेआठला हेडबाई अंगाभोवती मोठा टॉवेल गुंडाळून, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आल्या. फट बघितली. थांबल्या.

"एक मिनिट," खुर्चीबाई म्हणाल्या. "मी धरते."

सातवं बेट पिशवीतच पेटीच्या काठाशी उभं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ते मिठीत घेतलं, फटीपुढे सरकवलं. बारा फुटांचा शेंडा डोलला. एका बाजूने फट बुजली, दुसऱ्या बाजूने उघडली. पाय चिखलात घसरले. वर बाल्कनीचं दार करकरलं. कपाचा बशीवर आवाज झाला.

"आई, चल, घरात," वकीलबाई हळूच म्हणाल्या. हेडबाईंनी मागे वळायला पाऊल उचललं.

बेट कलंडायला लागलं. खुर्चीबाईंनी डोळे मिटले.

पलीकडून कोणीतरी ते पकडलं.

"सोडू नका," भाऊ म्हणाला, आणि लगेच, दातांतून, "सोडू नकोस!"

त्याच्या दुसऱ्या हातात लेपाची बादली होती. ती त्याने पायाने बाजूला सरकवली. दोघांनी दोन बाजूंनी बेट सरळ केलं. शेंडा थांबला. फट बुजली. वरची बाल्कनी पानांमागे गेली.

"दोघांनी तोंडं भिंतीकडे करा," हेडबाईंचा मागून हुकूम आला. "मी सांगेपर्यंत मागे वळायचं नाही."

दोघं वळले. खांद्याला खांदा, मध्ये बांबू, समोर कंपाउंडची भिंत. बाकावर उभं केलेल्या पोरांसारखी.

मागे टॉवेल खुर्चीवर पडल्याचा आवाज आला. पायरी. मग एक छोटा, थंडीचा श्वास. "गार आहे," हेडबाई म्हणाल्या. "चालेल." पाणी हललं. "एक."

"बारा वर्षं भिंती दुप्पट जाड बांधतोय मी," भाऊ कुजबुजला. भिंतीकडे बघतच. "कामगार हसतात. म्हणतात, किल्ला बांधताय का?"

"माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"तुझं काम संपलं की जाऊन बघते. फाटकातून. प्रत्येक वेळी."

त्याने बांबूवरची पकड बदलली.

"मी माफ केलेलं नाही," तो म्हणाला.

"करू नकोस."

"दवाखान्यात तू माझ्याशेजारी उभी होतीस. नळी लावलेले बाबा बोलत होते आणि तू चादर सारखी करत होतीस."

"हो."

"कोण बोलतंय तिकडे?" हेडबाई कडाडल्या. दोघांच्या माना एकदम खाली गेल्या. "शांत उभं राहा. मोजणी चुकते माझी. चार... पाच."

पाणी एकसारखं हलत होतं. मागे वकीलबाई नाक ओढत होत्या. वर कोणीतरी शांतपणे चहा फुरकत होतं आणि त्याला हिरव्या पानांशिवाय काही दिसत नव्हतं.

"लेप आज पुरा करतो," भाऊ अगदी हळू म्हणाला. "वाळायला दोन दिवस. बुधवारी हे लावू. आणि पिशवी मी फाडणार. तू नाही. मुळं मी स्वतः बघणार."

"फाड."

"सात... आठ," मागून आवाज आला.

वारा सुटला. शेंडा हलला.

"ताई, नीट धर," तो म्हणाला. "तुझ्या बाजूला कलतंय."